क्यूआर मेनूच्या आधी मसाल्याचा डबा: हॉटेलात ॲलर्जी आणि आरोग्य दोन्ही सांभाळायचे तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात धरमपेठेत साठेक खुर्च्यांचे कौटुंबिक रेस्टॉरंट आहे. सावजी आणि पंजाबी दोन्ही चालते, सकाळी तर्री पोहेही असतात. एक सॉफ्टवेअर कंपनी क्यूआर मेनू देऊ करते आहे. पदार्थाच्या फोटोवरून कॅलरी आणि ॲलर्जीचे घटक ओळखून ग्राहकाच्या मोबाइलवर दाखवू, असे ती म्हणते. घ्यावे का? आणि लोकांनी जरा हलके, तब्येतीला मानवेल असे खावे यासाठी आणखी काय करता येईल?

क्यूआर मेनू जरूर घ्या, पण शेवटी. फोटोवरून घटक ओळखण्यावर मात्र अजिबात विसंबू नका. वाटणातला काजू फोटोत दिसत नाही, फोडणीच्या हिंगातला मैदा दिसत नाही, आणि भाजी शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलात केली की सोयाबीनच्या रिफाइंडमध्ये, हेही दिसत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाचा जीव नेमका याच न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असतो. स्वयंपाकघराने जे नीट नोंदवले तेवढेच सॉफ्टवेअर पुढे पोचवते. नोंदच चुकीची असेल तर तीच चूक शंभर मोबाइलवर खात्रीच्या सुरात जाईल.

आधी कायद्याचे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांप्रमाणे केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे एका वाढपाचे माप आणि त्याची कॅलरी छापायची असते. त्यासोबत ॲलर्जीच्या घटकांची माहितीही द्यायची असते. तुमचे एकच हॉटेल, राज्याचा परवाना, म्हणजे कॅलरी छापण्याची सक्ती तुम्हाला नाही. त्यामुळे घाई नाही. चुकीचा आकडा छापण्यापेक्षा तीन-चार महिने घेऊन बरोबर आकडा छापा.

याच नियमांत ॲलर्जीच्या घटकांची यादी आहे: ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातले चिकट प्रथिन) असलेली धान्ये (गहू, राय, जव, ओट्स), कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन, आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन). यादीची सुरुवात इथून करा, पण इथेच थांबू नका. तीळ आणि मोहरी तिच्यात नाहीत, हरभराही नाही. आपल्याकडे बेसन पाटोडीत आहे, झुणक्यात आहे, शेवेत आहे, आणि तर्रीत अख्खे हरभरे आहेत. हरभऱ्याची ॲलर्जी असलेला माणूस नागपुरात नाश्त्याला बसला तर त्याला बहुतेक प्लेटांपासून दूर राहावे लागते. म्हणून कोणत्या पदार्थात कोणता घटक आहे हे दाखवणारा जो तक्ता तुम्ही कराल (तो पुढे सांगतो), त्यात तीळ, मोहरी, बेसन-हरभरा, खसखस आणि खोबरे असे पाच जादा रकाने असू द्या.

आता खरे काम, म्हणजे पाककृतीची कार्डे: प्रत्येक पदार्थात काय आणि किती जाते त्याची नोंद. ‘अंदाजाने घालतो’ हे उत्तर प्रत्येक महाराजाकडून येणार. त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याला मोजून घालायलाही सांगू नका, त्याने त्याचा हात बिघडतो. त्याऐवजी घटकाचे भांडे मोजा. 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, 10 किलोपर्यंतचा काटा ओट्यावर ठेवा. तेलाचा डबा, मिठाची बरणी, काजूचे वाटण, सगळे काम सुरू होण्याआधी तोलायचे आणि त्या पदार्थाचे काम झाल्यावर पुन्हा तोलायचे. फरक म्हणजे वापर. तयार पातेले तोलून एकूण वजन घ्या, एका प्लेटचे वजन घ्या, भागाकार करा. हे प्रत्येक पदार्थासाठी तीन वेगवेगळ्या दिवशी करा, त्यात एक दिवस रविवारचा गर्दीचा हवाच. गर्दीत तेल आणि मीठ दोन्हींचा हात वाढतो.

कार्डे पदार्थांपासून सुरू करू नका, ग्रेव्हीपासून करा. पंजाबी मेनूतले तीसेक पदार्थ तीन ग्रेव्हींवर उभे असतात: पांढरी, लाल आणि मखनी. पांढरीत काजू किंवा मगज (टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया), मखनीत काजू, लोणी आणि साय, आणि लालमध्येही दाटपणासाठी काजूचे तुकडे टाकले जातात. म्हणजे काजू या तीन पातेल्यांतून तीस पदार्थांत जातो. लाल ग्रेव्ही काजूविना करायचे ठरवले तर एका दिवसात डझनभर पदार्थ काजूच्या ॲलर्जीवाल्यांसाठी निदान पाककृतीपुरते मोकळे होतात. दाटपणा कांदा जास्त वेळ परतून आणि टोमॅटो आटवून येतो. इतक्या थोड्या खर्चात इतका फायदा देणारा दुसरा बदल नाही.

मग लपलेले घटक शोधा. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा आणि डिंक असतो. ग्लुटेन टाळणाऱ्याला साधे फोडणीचे वरणही म्हणून चालत नाही. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, सगळ्या स्वयंपाकघराला तोच लावा, दोन डबे ठेवू नका. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहूही असतो. मिठाईवरचा हिरवा ‘पिस्ता’ पुष्कळदा रंगवलेला शेंगदाणा असतो. काजूची ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पिस्त्याचीही असते, तेव्हा ते दोन रकाने तक्त्यात शेजारी ठेवा. दुधाची ॲलर्जी असलेल्याला तूपही चालत नाही, कारण त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो. ‘गाईचे नको तर म्हशीचे देतो’ किंवा ‘शेळीचे देतो’ हेही चालत नाही, ती प्रथिने एकमेकांना फार जवळची आहेत. दूध न पचणे ही वेगळी तक्रार. तिथे दही-ताक पुष्कळांना चालते, पण ते ग्राहकाने सांगायचे, वाढप्याने ठरवायचे नाही.

तेलाबद्दल एक बारकावा. पूर्ण रिफाइंड तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या शेंगदाणा, तीळ किंवा जवसाच्या तेलात ती असतात. विदर्भात घाण्याच्या तेलाची आवड पुन्हा वाढते आहे, त्याला विरोध नाही. पण मग ज्या पदार्थात ते जाते त्याच्यापुढे शेंगदाणा किंवा तीळ लिहिले पाहिजे. आणि उपवासाची थाळी ग्लुटेनपासून बरीचशी दूर असली तरी शेंगदाण्याच्या कुटाने भरलेली असते, हे वाढप्यांना पाठ असू द्या.

ज्वारीच्या भाकरीवर जरा थांबू, कारण ग्लुटेन टाळणारे लोक सावजी हॉटेलात भाकरीच्या भरवशावर येतात. ज्वारीत ग्लुटेन नाही. पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर पाट्यांतले पीठ ज्वारीत येते. हॉटेलात भाकरी लवकर थापली जावी म्हणून पिठात थोडी कणीक मिसळतात, थापताना खाली कणीकच भुरभुरतात, आणि पोळीच्याच तव्यावर भाजतात. आपल्या नियमांप्रमाणे ‘ग्लुटेन फ्री’ म्हणायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चिमूटभर कणकेने ती मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून एकतर पाकीटबंद, ग्लुटेनमुक्त असे लेबल असलेले ज्वारीचे पीठ, वेगळी परात, वेगळा तवा आणि उकळीच्या पाण्याने मळलेला गोळा, एवढे करा. नाहीतर मेनूवर नुसते ‘ज्वारीची भाकरी’ लिहा, ग्लुटेनचा शब्दही काढू नका.

इतवारी बाजारातून सुटा मसाला घेत असाल तर त्यावर लेबल नसते. खसखस, तीळ, धणे एकाच चमच्याने आणि एकाच चाळणीतून जातात. तयार सावजी मसाला घेणाऱ्यांनी दुकानदाराकडून घटकांची यादी लेखी घ्यावी. देत नसेल तर मसाला स्वतः भाजून कुटावा. ज्या पदार्थांना ‘ॲलर्जीसाठी मोकळे’ म्हणायचे त्यांच्यासाठी पाकीटबंद मसालाच वापरावा आणि रिकामी पाकिटे महिनाभर जपून ठेवावीत.

आता तक्ता. आडव्या ओळीत पदार्थ, उभ्या रकान्यात घटक. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण: ‘आहे’, ‘लागण्याची शक्यता’, ‘नाही’. बऱ्याच क्यूआर मेनूंत ‘शक्यता’ची ही मधली खूण नसतेच. त्यांच्या फिल्टरमध्ये ‘शेंगदाणा नको’ दाबले की समोसा सुरक्षित दिसतो. पण समोसा ज्या कढईत तळला त्यातच अर्ध्या तासापूर्वी साबुदाणा वडा निघाला असेल, तर समोसाही सुरक्षित नाही. तळण्याच्या उष्णतेने शेंगदाण्यातले ॲलर्जी करणारे प्रथिन नष्ट होत नाही, भाजल्यावर तर ते आणखी त्रासदायक होऊ शकते. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: तीन खुणा ठेवता येतात का? नाही म्हणाली तर दुसरी कंपनी बघा.

दुसरा प्रश्न बिलिंगचा. ॲलर्जीची नोंद केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, कशी छापली जाते? बहुतेक ठिकाणी ती ‘कमी तिखट’, ‘कांदा नको’च्या रांगेत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात येते. आठ वस्तूंच्या केओटीत आचारी ती वाचत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. ॲलर्जीसाठी वेगळे बटण हवे. ते दाबल्यावर घटक निवडल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये. केओटीवर ती सगळ्यात वर, दुप्पट अक्षरात छापली जावी, आणि मुख्य आचाऱ्याने पडद्यावर किंवा कागदावर सही करून ‘घेतले’ म्हटल्याशिवाय पदार्थ चुलीवर चढू नये. ‘नको’ची कारणेही वेगळी नोंदवा: ॲलर्जी, पथ्य, उपवास, जैन, नुसती नावड. सगळ्यांना एकच ‘नो पीनट’ लावले की आचारी त्याला नावड समजतो आणि तयार पोह्यांतले दाणे वेचून काढतो. ॲलर्जीवाल्यासाठी दाणे वेचलेले पोहे आणि दाण्यांसकटचे पोहे यांत फरक नाही.

खुणांना हिरवा आणि लाल रंग वापरू नका, शाकाहारी-मांसाहारी ठिपक्यांशी गोंधळ होतो. ॲलर्जीसाठी जांभळा रंग बऱ्याच ठिकाणी रूढ आहे, तोच घ्या: जांभळा सुरीचा दांडा, जांभळे फळकूट, जांभळ्या दांड्याचा चिमटा, केओटीवर जांभळा स्टिकर. तुमच्याकडे मराठी, हिंदी, नेपाळी बोलणारी पोरे एकाच ओट्यावर असतील. अशा ठिकाणी रंग आणि शेंगदाण्याचे चित्र शब्दांपेक्षा लवकर पोचतात.

स्वयंपाकघरात दुसरा ओटा बांधायची गरज नाही. एक कोपरा, एक कढई, एक तवा, एक मिक्सरचे भांडे, झाकणाचा एक डबा, एवढे पुरते. मिक्सरचे भांडे मात्र खरोखर वेगळे हवे. पात्याखालच्या रबरी रिंगेत कूट अडकते आणि धुऊन निघत नाही. पाटा-वरवंटाही नको, दगडाच्या छिद्रांत वाटण राहते. लाकडी फळी आणि पिठाची चाळणी यांचेही तेच. तंदूरमध्ये ग्लुटेनमुक्त काही करता येत नाही, तो विषय सोडून द्या. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचे प्रथिन हातावरच राहते, आणि नुसत्या पाण्यानेही ते पुरते जात नाही.

काजूविरहित, दूधविरहित ग्रेव्ही सकाळी सगळ्यात आधी, भांडी कोरडी-स्वच्छ असताना करायची, 200 ग्रॅमच्या पाकिटांत भरून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवायची. खालच्या कप्प्यात ठेवली तर वरचे सांडते.

तपासणीच्या पट्ट्या मिळतात, ग्लुटेनच्या आणि शेंगदाण्याच्याही. त्या ग्राहकाच्या ताटाची हमी द्यायला नाहीत, कारण ताटाच्या एका कोपऱ्यातला नमुना दुसऱ्या कोपऱ्याबद्दल काही सांगत नाही. त्यांचा उपयोग तुमची धुण्याची पद्धत बरोबर आहे का हे पाहायला. कूट केलेले भांडे नेहमीप्रमाणे धुवा, आतून पुसून घ्या, पट्टी लावा. आणि एक लक्षात ठेवा: घटक फार जास्त असेल तर काही पट्ट्या उलट ‘नाही’ दाखवतात. संशय असेल तर नमुना पातळ करून पुन्हा लावा.

वाढप्याने टेबलावर आल्या आल्या, ऑर्डरच्या आधी विचारायचे: ‘कुणाला कशाची ॲलर्जी आहे का? किसी चीज से तकलीफ होती है क्या?’ ग्राहक स्वतःहून सांगत नाही, लग्नाच्या बोलणीसारख्या कामाला मंडळी बसली असतील तर हमखास नाही. माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ हेच बरोबर उत्तर. ‘थोडेसे असेल, काही होत नाही’ हे वाक्य हॉटेलात बंद झाले पाहिजे. आणि जे देता येत नाही ते नम्रपणे नाकारायची मुभा त्याला द्या. नाकारलेल्या ऑर्डरवरून त्याला कधी बोलू नका.

आता हलके खाण्याचा भाग. कॅलरी काढायला वर सांगितलेली कार्डे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017चे अन्नघटक तक्ते पुरतात. एक प्लेट तर्री पोहे घ्या: कोरडे पोहे 60 ग्रॅम म्हणजे सुमारे 210 कॅलरी, फोडणीचे तेल 10 ग्रॅम 90, दाणे 10 ग्रॅम 55, कांदा 20, तर्रीतले हरभरे (कोरडे 20 ग्रॅम) 55, तर्रीचे तेल 15 ग्रॅम 135, शेव 15 ग्रॅम 80. एकूण 645च्या आसपास. त्यातला तिसरा हिस्सा वर तरंगणाऱ्या तेलाचा आणि शेवेचा. तर्रीचे तेल 8 ग्रॅम आणि शेव 8 ग्रॅम केली की शंभर कॅलरी उतरतात आणि पोह्यांना धक्का लागत नाही.

पण तर्री लाल दिसली नाही तर नागपूरकर प्लेट परत पाठवेल, आणि त्याचे बरोबर आहे. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून तेल कमी केले की रस्सा फिका दिसतो. यावर उपाय असा: रस्सा शिजल्यावर आच बंद करून दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवा, तेल वर येईल. पळीने ते वेगळ्या भांड्यात काढा. वाढताना प्रत्येक वाटीवर दीड चमचा, मोजून, वरून सोडा. एक चमचा म्हणजे 5 मिलिलिटर, पोहे खाण्याचा चमचा नव्हे. डोळ्यांना तीच तर्री दिसते, पोटात निम्मी जाते. काढलेले तेल त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीचा वाटा वाढवा आणि ती मंद आचेवर तेलात सोडा. तेल कडक असेल तर रंग काळवंडतो.

मिठाचे गणित वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. दुपारी बरोबर चवीचा रस्सा रात्रीपर्यंत मंद आचेवर राहिला की आटतो आणि खारट होतो, मग आचारी त्यात कच्चा बटाटा किंवा पाणी ढकलतो. पातेल्याला आतून पातळीची खूण करा, दर तासाला उकळते पाणी घालून त्या खुणेपर्यंत आणा, आणि मिठाचा चौथा हिस्सा वाढण्याआधी घालायला राखून ठेवा. एवढ्यानेच एकूण मीठ कमी लागते. तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचे नाही, असा नियम 2018 पासून आहे. रंगावरून अंदाज चुकतो, तपासायचे मीटर घ्या.

क्यूआर मेनूचा खरा उपयोग इथे होतो. कॅलरीचा आकडा वाचून फार थोडे लोक ऑर्डर बदलतात. पहिले काय दिसते आणि आपोआप काय निवडलेले असते, त्याने जास्त फरक पडतो. सावजीबरोबर भाकरी आधीच निवडलेली असू द्या, तंदुरी रोटी बदलून घेता येईल. अर्धी प्लेट पूर्ण प्लेटच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात दाखवा आणि किंमत पूर्णच्या साठ टक्के ठेवा. अर्ध्यापेक्षा जरा जास्त असल्याने तुमचाही तोटा नाही. कोशिंबीर ताटाबरोबरच जाऊ द्या, मागावी लागू नये. उन्हाळ्यात पारा 45च्या पुढे जातो तेव्हा थंड पेयांच्या वर मठ्ठा आणि पन्हे ठेवा, पन्ह्यात साखरेचे माप लिहा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा चष्मा घरी राहिला आहे त्यांच्यासाठी छापील तक्ता काउंटरवर हवाच. पानावर ‘शेवटचा बदल’ची तारीख दिसू द्या.

डिलिव्हरी ॲपवरून आलेली ॲलर्जीची सूचना तुमच्या केओटीवर छापली जाते का, हे स्वतः ऑर्डर टाकून तपासा. छापली जात नसेल तर तो पडदा पाहायला एक माणूस नेमा. अशा ऑर्डरवर ग्राहकाला फोन करायचा, डबा चिकटपट्टीने बंद करायचा, चटणीची पुडी वेगळ्या पिशवीत द्यायची.

एवढे करूनही कधी चूक होईल. ओठ किंवा घसा सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वासाला घरघर, अंगभर पित्त उठून चक्कर येणे, यांपैकी काही दिसले तर 108ला फोन करून ‘ॲलर्जीचा तीव्र झटका’ असे स्पष्ट सांगा. माणसाला आडवे करा, पाय वर घ्या, उठवू-चालवू नका. श्वास लागत असेल तरच टेकवून बसवा. त्याच्याजवळ स्वतःचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन असेल तर ते लगेच मांडीत घ्यायला मदत करा. अंगावर पित्त उठल्यावर घेतात ती ॲलर्जीची गोळी त्याच्या जागी चालत नाही. बरे वाटले तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. सोबत त्या पदार्थाचे कार्ड आणि घटकांची पाकिटे पाठवा. ही सूचना काउंटरमागे मोठ्या अक्षरात लावा.

शेवटी, तक्ता कोण बदलणार ते नाव ठरवा. चुका बहुतेक पाककृती बदलल्याने होत नाहीत, एखाद्या दिवशी नेहमीचा ब्रँड मिळाला नाही म्हणून दुसरा आणल्याने होतात. सामान उतरवताना नवे पाकीट दिसले की ते जांभळ्या टोपलीत जाईल, लेबल वाचून तक्ता दुरुस्त झाल्यावरच ओट्यावर येईल. तोवर त्या घटकाचे सगळे पदार्थ क्यूआरवर ‘शक्यता’मध्ये टाका, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये घटकाला धरून एका क्लिकमध्ये बदल करता आला पाहिजे. कंपनीला विचारायचा तिसरा प्रश्न हाच, आणि त्याचे उत्तर त्यांच्याकडून तुमच्यासमोर, तुमच्याच मेनूवर करून घ्या.